काम काय करता? कामाच्या ठिकाणामुळे होणारे लिव्हरचे आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिव्हरचा रिपोर्ट बिघडला की दवाखान्यातले पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. दारू पिता का? बाहेरचे पाणी, उघड्यावरचे खाणे होते का? ‘काम काय करता’ हा तिसरा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. विचारला तरी ‘एमआयडीसीत आहे’ एवढ्या उत्तरावर विषय संपतो. रिअॅक्टरजवळ उभे राहून ड्रम ओतणारा, छापखान्यात रोलर पुसणारा, इस्पितळातला कचरा उचलणारा आणि चिखलात भात लावणारी, या सगळ्यांच्या लिव्हरला त्यांच्या कामातूनच धोका असतो. हे पान त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

कामामुळे लिव्हर बिघडते म्हणजे नेमके काय होते?

श्वासातून, कातडीतून किंवा तोंडातून जे काही रक्तात जाते, ते मोडून निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः लिव्हर करते. काही रसायने मात्र मोडताना मूळच्यापेक्षा जास्त विखारी होतात. लिव्हरच्या ज्या पेशी त्यांना मोडतात, त्याच पेशींवर ती उलटतात.

हे तीन-चार तऱ्हांनी होते. एकदम खूप वाफ किंवा द्रव अंगात गेले तर काही दिवसांत कावीळ होते, कधी लिव्हर पूर्ण निकामी होते. रोज थोडे थोडे जात राहिले तर पेशींत चरबी साठते, सूज येते, पुढे लिव्हर कडक होत जाते. काही रसायनांमुळे १५-२० वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा कॅन्सर होतो. आणि रसायनाचा काही संबंध नसलेला, जंतूंमुळे होणारा चौथा प्रकार म्हणजे हिपॅटायटिस बी, सी, ए, ई आणि लेप्टो (उंदरा-गुरांच्या मूत्रातून पसरणारा ताप).

मी दारूला शिवतही नाही. तरी रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी हे लिव्हरचे एन्झाइम वाढलेले आहे. डॉक्टरांना माझे म्हणणे पटत नाही.

तुमच्यासारख्यांसाठीच हे पान लिहावेसे वाटले. खरे बोलणाऱ्या माणसाला दारुड्या ठरवले गेले की तो पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि आजार तसाच पुढे जातो.

अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये कापडावर लेप देणारा एक कारखाना होता. तिथल्या कामगारांच्या तपासणीचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ५८ कामगारांपैकी ३६ जणांचे लिव्हरचे एन्झाइम वाढलेले निघाले. कारण होते डायमिथाइल फॉर्मामाइड, म्हणजे आपल्याकडे कारखान्यात ज्याला सगळे डीएमएफ म्हणतात ते. हवा कोंडलेल्या जागेत, उघड्या हातांनी त्याचे काम चालत असे. हेच डीएमएफ आपल्याकडे औषधांचा कच्चा माल बनवताना, कृत्रिम चामडे आणि अॅक्रिलिक धागा बनवताना सर्रास वापरतात.

त्या कामगारांत एक खूण दिसली, ती डॉक्टरांना जरूर सांगा. दारूने बिघडलेल्या लिव्हरमध्ये बहुधा एसजीओटी हे दुसरे एन्झाइम जास्त असते, पुष्कळदा एसजीपीटीच्या दुप्पट. डीएमएफमध्ये उलट असते, एसजीपीटी वरचढ. हा पक्का पुरावा नव्हे, कारण लठ्ठपणा आणि मधुमेहातल्या फॅटी लिव्हरमध्येही एसजीपीटीच जास्त दिसते. पण ‘दारूच असणार’ या निष्कर्षावर घाई करू नये, एवढे त्यातून नक्की कळते.

आणि मी पितो. मग सगळा दोष माझ्या पिण्याचाच, नाही का?

नाही. उलट तुम्हाला धोका दुहेरी आहे. कार्बन टेट्राक्लोराइड हे जुने उदाहरण. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगमध्ये, अग्निशामक नळकांड्यांत ते एकेकाळी भरपूर वापरले जाई. सारख्याच वाफेत काम करणाऱ्यांपैकी पिणारे जास्त गंभीर आजारी पडत, हे डॉक्टरांना फार पूर्वी दिसले होते. कारण आता माहीत आहे. दारू मोडणारे एक एन्झाइम रोजच्या पिण्याने लिव्हरमध्ये वाढते, आणि तेच एन्झाइम या रसायनाचे विखारी रूप तयार करते. म्हणजे आदल्या रात्रीची दारू दुसऱ्या दिवशीच्या वाफेला हत्यार पुरवते.

डीएमएफबरोबर वेगळेच घडते. शिफ्टनंतर एखादा घोट घेतला तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळते. हे कामगारांनाच आधी कळते आणि ते आपापसांत बोलतातही. असे होत असेल तर डीएमएफ तुमच्या अंगात पुरेसे गेले आहे, असे समजा आणि तपासणी करा.

दारू बंद करा, हा सल्ला बरोबरच आहे. पण दारूचे कारण पुढे करून कंपनीने वाफ ओढून घेणारा पंखा बसवायचे टाळावे, हे मला अजिबात मान्य नाही. व्यसन असलेल्या माणसाचा विषापासून संरक्षण मिळण्याचा हक्क कमी होत नाही.

ड्रमवर नुसते ‘सॉल्व्हंट’ किंवा कंपनीचा कोड असतो. आत काय आहे ते कसे ओळखायचे?

नाव बदलता येते, सीएएस क्रमांक बदलत नाही. प्रत्येक रसायनाला जगभर एकच असा क्रमांक असतो. ड्रमच्या लेबलवर किंवा मालाबरोबर येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकावर, म्हणजे एमएसडीएसवर, तो छापलेला असतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

लिव्हरच्या दृष्टीने ओळखून ठेवण्यासारखे काही क्रमांक असे: डीएमएफ ६८-१२-२, कार्बन टेट्राक्लोराइड ५६-२३-५, मिथिलीन क्लोराइड ७५-०९-२, डायक्लोरोप्रोपेन ७८-८७-५, व्हिनाइल क्लोराइड ७५-०१-४. लेबलवर हे इंग्रजी आकड्यांत असतात. ‘क्लोरो’ किंवा ‘नायट्रो’ नावात असलेल्या सगळ्याच पदार्थांबाबत जास्त चौकस राहावे, हा ढोबळ नियम कामाला येतो.

उग्र वास येतो म्हणून ते लिव्हरला घातक, असे मात्र नसते. रंगाच्या थिनरमधल्या टोल्यूइन-झायलीनचा मुख्य मारा मेंदूवर आणि नसांवर होतो, लिव्हरवर त्या मानाने कमी. बेंझिनचा मारा रक्तावर. आणि काही घातक वाफांना वास इतका कमी असतो किंवा नाक त्याला इतके सरावते की, ‘आता वास येत नाही’ यावर विसंबून राहता येत नाही.

पीव्हीसीने लिव्हरचा कॅन्सर होतो असे ऐकले. मी प्लंबर आहे, रोज पाइप कापतो.

तुम्हाला तो धोका जवळपास नाही. आधी हे सांगितले, म्हणजे पुढचे घाबरून न जाता वाचाल.

धोका तयार पाइपमध्ये नाही. पाइपचे पीव्हीसी ज्या वायूपासून बनते त्या व्हिनाइल क्लोराइडमध्ये आहे. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात बी. एफ. गुडरिच कंपनीचा कारखाना होता. तिथे हा वायू मोठ्या टाक्यांत भरून त्याची पावडर बनवत. टाकीच्या आतल्या भिंतींना थर चिकटत, आणि कामगार आत उतरून ते खरवडून काढत. कारखान्याशी संबंधित डॉक्टर जॉन क्रीच यांच्या लक्षात आले की, इथल्या कामगारांत लिव्हरचा अँजिओसार्कोमा नावाचा कॅन्सर दिसतो आहे. हा कॅन्सर इतका विरळा की बहुतेक डॉक्टर आयुष्यात एकही रुग्ण पाहत नाहीत, आणि इथे एकाच कारखान्यात तीन रुग्ण. जानेवारी १९७४ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली. इटलीत बोलोन्या इथे चेझारे माल्तोनी यांना उंदरांवरच्या प्रयोगांत हेच आधी दिसले होते.

त्या वेळी अमेरिकेत हवेतल्या व्हिनाइल क्लोराइडची मर्यादा होती दहा लाख भागांत ५०० भाग. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, ती आठ तासांच्या सरासरीला १ भाग झाली. ५०० वरून १. परवडणार नाही, असे उद्योग म्हणत होते, आणि तरी कारखाने चालू राहिले. टाक्या आत न उतरता धुण्याची, गळती बंद करण्याची तंत्रे आली. ‘सुरक्षा आणली तर कंपनी बंद पडेल’ असे कुणी म्हटले की मला हे दोन आकडे आठवतात.

२०१० मध्ये याच शहरातल्या व्हिनाइल क्लोराइडच्या संपर्कातील कामगारांचा आणखी एक अभ्यास आला. लठ्ठ नसलेल्या, दारू फारशी न पिणाऱ्या कामगारांच्या लिव्हरमध्ये चरबी आणि सूज सापडली. त्यातल्या बहुतेकांचे एसजीपीटी-एसजीओटी नॉर्मल होते! ही गोष्ट पुढे तपासण्यांच्या प्रश्नात पुन्हा येईल.

तुम्ही पाइप कापताना धूळ नाकात जाऊ देऊ नका, आणि पाइपचे तुकडे जाळू नका. जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसे भाजतो.

छापखान्यात काम करतो. शाई पुसायला जे लिक्विड येते, ते सुरक्षित असते ना?

ते कोणते आहे यावर अवलंबून आहे. जपानमधल्या ओसाकातली घटना प्रत्येक छापखानेवाल्याला माहीत असावी. तिथे एका ऑफसेट छपाईच्या कंपनीत मशीनवरची रबरी गुंडाळी दिवसातून कित्येकदा पुसावी लागे. पुसायला वापरत डायक्लोरोप्रोपेन आणि मिथिलीन क्लोराइड. खोलीत बाहेरची ताजी हवा पुरेशी येत नव्हती, आतलीच हवा फिरत राही.

पित्तनळीचा कॅन्सर एरवी उतारवयात होतो. या कंपनीतल्या आजी-माजी कामगारांना तो पंचविशी ते पंचेचाळिशीत झाला. २०१२ मध्ये हे उघडकीस आले, तोवर कित्येकांनी ती नोकरी सोडलेली होती. पुढे या एकाच कंपनीतल्या रुग्णांची संख्या १७ झाली. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने डायक्लोरोप्रोपेनला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

मला या घटनेतली सर्वांत बोचणारी गोष्ट ही वाटते की, त्या वेळी या पदार्थाला जपानच्या कडक नियमांत जागाच नव्हती. ज्या रसायनांवर बंधने होती त्यांच्या जागी ‘बंधन नसलेले’ म्हणून अशी रसायने येतात. यादीत नाही म्हणजे निर्धोक, असा अर्थ कुणी काढू नये.

असाच प्रकार बेल्जियममध्ये १९९७ मध्ये नोंदला गेला. एका कारखान्यातल्या ९ कामगारांना लिव्हरचा आजार झाला. क्रेनच्या केबिनमधल्या एसीची नळी गळत होती आणि त्यात ओझोन वाचवणारा म्हणून आणलेला नवा गॅस होता. एसी दुरुस्त करणाऱ्यांनी बंद खोलीत गॅस सोडू नये, एवढे यातून नक्की घ्यावे.

हातमोजे आणि मास्क घालतो. मग काळजी कशाला?

कोणते हातमोजे आणि कोणता मास्क? फसगत बहुतेक इथेच होते.

डीएमएफ कातडीतून आरपार जाते आणि स्वयंपाकघरातले किंवा डॉक्टरी पातळ हातमोजे त्याला अडवत नाहीत. त्यासाठी ब्युटाइल रबराचे लागतात. मिथिलीन क्लोराइड नेहमीच्या निळ्या नायट्राइल हातमोज्यांतून काही मिनिटांत पार होते. हातमोज्याच्या आत एकदा द्रव शिरला की तो कातडीला बांधून ठेवल्यासारखा होतो, म्हणजे उघड्या हातापेक्षाही वाईट.

रुमाल, कापडी मास्क, एन९५ हे धुळीसाठी. वाफेसाठी वाफ शोषणारे काडतूस बसवलेला मास्क लागतो, आणि ते काडतूस संपते. कधी बदलले हे त्याच्यावर तारीख घालून लिहिलेले नसेल, तर बदललेलेच नाही असे समजा. मिथिलीन क्लोराइडसारख्या पटकन उडणाऱ्या द्रवाची वाफ काडतुसातूनही लवकर पार होते, तिथे बाहेरून नळीने हवा पुरवणारा मास्क हवा.

हे सगळे शेवटचे उपाय आहेत. आधी घातक पदार्थच बदलावा, मग तो बंद नळीतून जावा, मग वाफ उगमापाशीच ओढून घेणारी व्यवस्था असावी. माणसाच्या तोंडाला काहीतरी बांधून त्याला वाफेत उभे करणे सोपे आणि स्वस्त असते, म्हणून तेच आधी केले जाते.

आणि एक विनवणी: हाताला लागलेला रंग, शाई, ग्रीस थिनरने धुऊ नका. साबण, थोडे खोबरेल तेल, जास्त वेळ, पण थिनर नको.

कंपनी रोज दूध आणि गूळ देते. त्याने विष उतरते ना?

नाही. दूध पोषक आहे, गूळ गोड आहे, दोन्ही खुशाल घ्या. पण श्वासातून आणि कातडीतून आत गेलेल्या रसायनाची दुधाशी पोटात गाठच पडत नाही. पदार्थ चुकून गिळला असतानाही स्वतःच्या मनाने दूध पाजू नये. दुधाचा पेला मिळतो म्हणून पंख्याची मागणी सोडून देऊ नका.

कोणत्या तपासण्या कराव्यात? रिपोर्ट नॉर्मल आला तर निश्चिंत राहता येईल का?

कामाला लागण्यापूर्वी एकदा लिव्हरची रक्त तपासणी, हिपॅटायटिस बी आणि सी, वजन आणि साखर. हा पाया नसेल तर पुढे काय बदलले तेच कळत नाही. त्यानंतर ठरावीक काळाने तीच तपासणी. डीएमएफसारख्या रसायनावर नव्याने आलेल्या माणसाची तपासणी पहिल्या काही आठवड्यांतच व्हायला हवी, कारण त्रास बहुधा सुरुवातीच्या महिन्यांत दिसतो. डीएमएफचे अवशेष लघवीतही मोजता येतात आणि कातडीतून किती जाते आहे हे त्यातच खरे कळते, कारण हवा तपासून ते दिसत नाही.

नॉर्मल रिपोर्ट चांगलाच, पण तो पुरेसा नसतो. एसजीपीटी हे पेशी फुटल्याचे लक्षण आहे. पेशी न फुटता चरबी साठू शकते, आत व्रण धरू शकतात. वर लुईव्हिलचे उदाहरण आलेच आहे. जोखमीच्या कामात वर्षानुवर्षे असलेल्यांनी सोनोग्राफी, आणि डॉक्टरांनी सुचवल्यास लिव्हरचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी करून घ्यावी.

कावीळ होण्याची वाट पाहू नका. विनाकारण थकवा, भूक मरणे, उजव्या बरगडीखाली जडपणा, अंगाला खाज, गडद लघवी ही आधीची लक्षणे. आणि डोळे पिवळे होऊन माणूस असंबद्ध बोलू लागला, झोपाळला किंवा रक्ताची उलटी झाली, तर त्याच क्षणी मोठे इस्पितळ.

आजार कामामुळेच झाला हे ठरवतात कसे?

कुठल्याही एका तपासणीने ठरत नाही. आधी हिपॅटायटिस ए, बी, सी, ई, दारू, मधुमेह, औषधे, काढे यांची कारणे तपासून बाजूला काढावी लागतात. क्षयाची औषधे चालू असतील तर तीही लिव्हरवर परिणाम करतात. सांधेदुखीसाठी किंवा ‘ताकदीसाठी’ घेतलेले काढे आणि भस्मे लपवू नका.

मग येते सर्वांत साधी आणि सर्वांत उपयोगी कसोटी. त्या जागेवरून काही आठवडे बाजूला राहायचे आणि पुन्हा रक्त तपासायचे. आकडे उतरले आणि परत कामावर गेल्यावर चढले, तर उत्तर मिळाले. हे मुद्दाम घडवून आणायची गरज नसते. गणपतीला किंवा होळीला दहा-पंधरा दिवस गावी जाऊन आल्यावरचा रिपोर्ट आणि त्याआधीचा रिपोर्ट शेजारी ठेवून पाहा. तिसरी गोष्ट म्हणजे शेजारच्या मशीनवरचे सोबती. एकाच विभागातल्या तिघाचौघांचे आकडे वाढलेले असतील तर सगळ्यांनी एकत्र जाऊन डॉक्टरांना दाखवा. ओसाका काय, लुईव्हिल काय, एकेकटा रुग्ण पाहून तिथे काहीच उलगडले नसते.

गावाकडे कावीळ उतरवून घेतली. आता बरे वाटते. पुरे का?

हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांत आपोआप बरे होतात, म्हणून माळ घातली काय, चुन्याच्या पाण्यात हात धुतले काय, यश त्यालाच मिळते. गळ्यातली माळ मोठी होत जाते ती दोरा सैल होत गेल्याने. चुन्याचे पाणी पिवळे होते ते त्यातल्या वनस्पतीने. ज्यांनी उतरवून दिली त्यांचा हेतू चांगला असेल, पण रसायनाची कावीळ उतरत नसते. माणूस पुन्हा त्याच ड्रमपाशी उभा राहतो, आणि या वेळी लिव्हर आधीच दुबळे असते. नाकात किंवा डोळ्यात कसलाही रस घालून घेऊ नका. श्रद्धा ठेवायचीच असेल तर ठेवा, पण रक्ताची तपासणी त्याच दिवशी करा.

इस्पितळात काम करते. परवा वापरलेली सुई बोटाला टोचली.

परवाचे असले तरी आज जा. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची, दाबून पिळायची नाही, ब्लीच लावायचे नाही. लगेच कळवायचे आणि नोंद करून घ्यायची.

लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीच्या रुग्णाची सुई टोचली तर १०० पैकी ६ ते ३० जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीचे हेच प्रमाण हजारात साधारण ३ आहे, आणि तरी भीती सगळी एचआयव्हीचीच! बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही ७ दिवस टिकतो. लस घेतलेली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन आणि लसीचा पहिला डोस, दोन्ही शक्यतो २४ तासांत घ्यावे. सात दिवसांपर्यंत उपयोग होऊ शकतो, म्हणून म्हटले, आजच जा.

लसीचे तीन डोस असतात: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिकारशक्तीची पातळी तपासावी. १० किंवा जास्त असेल तर काम झाले. राष्ट्रीय लसीकरणात ही लस देशभर २०११ मध्ये आली, म्हणजे आज इस्पितळात काम करणाऱ्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही.

हिपॅटायटिस सीला लस नाही. पण आता गोळ्यांचा साधारण १२ आठवड्यांचा कोर्स बहुतेकांना पूर्ण बरे करतो, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तो सरकारी केंद्रांवर मोफत मिळतो.

मी डॉक्टर-नर्स नाही, सफाईचे काम करतो. लस मलाही मिळायला हवी का?

हो, आणि ती देणे इस्पितळाला बंधनकारक आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत, हा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. कंत्राटदाराचा माणूस म्हणून वगळता येत नाही.

घराघरांतला कचरा वेचणाऱ्या बाया मात्र या नियमाच्या कक्षेबाहेर राहतात, आणि इन्सुलिनच्या सुया त्यांच्याच हातात घुसतात. पुण्यातल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीसारख्या संघटनांमुळे त्यांचे प्रश्न निदान चर्चेत आले. तुमच्या घरी कुणी इन्सुलिन घेत असेल तर सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा आणि बाहेर ‘सुया’ असे लिहा. मैला आणि गटार सफाई करणाऱ्यांना हिपॅटायटिस ए आणि ईचा धोका असतो. एची लस उपलब्ध आहे. ई गरोदरपणात जिवावर बेतू शकतो, म्हणून गरोदर बाईने ते काम करू नयेच.

आमची शेती आहे, कारखान्याशी संबंध नाही. आम्हाला कशाला याची काळजी?

भातलावणी हे कामच आहे, आणि शेत हे कामाचे ठिकाण. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातला लेप्टोस्पायरा चिखलात, साठलेल्या पाण्यात टिकतो आणि पायाच्या भेगांतून, ओरखड्यांतून शिरतो. सिंधुदुर्गात तर पावसाळा आला की लेप्टोची धास्ती असते. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर तो मोठ्या प्रमाणावर पसरला होता.

एकाएकी ताप, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, डोळे लाल, आणि मग कावीळ. यात बिलिरुबिन (काविळीचा पिवळेपणा आणणारे द्रव्य) खूप वाढते, एसजीपीटी त्या मानाने थोडेच, आणि किडनीही सोबत बिघडते. लावणीच्या दिवसांत ताप आला तर ‘चिखलात काम करते’ हे शब्द डॉक्टरांना स्वतःहून सांगा. वेळेवर अँटिबायोटिक मिळाले तर रुग्ण बहुधा बरा होतो. जोखमीच्या भागात लावणीच्या काळात आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनची गोळी देण्याची पद्धत आहे. ती आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच घ्यावी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी नाही.

फवारणीचा मुख्य धोका बहुतेक कीटकनाशकांत नसांना आणि श्वासाला असतो. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, ती हीच. पॅराक्वाट हे तणनाशक मात्र फुप्फुसे, किडनी आणि लिव्हर तिन्ही पोखरते, आणि त्यावर उतारा नाही. बुरशी धरलेल्या शेंगा आणि मका हाताळताना, भरडताना उडणारी धूळही नाकात जाऊ देऊ नका. त्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष लिव्हरच्या कॅन्सरला कारणीभूत होते.

कामाचे कपडे घरी धुतो. बायको-पोरांना धोका आहे का?

डीएमएफने भिजलेला शर्ट धुणाऱ्याच्या हातांतूनही ते आत जाते. कपडे कारखान्यातच बदला, घरी आणायचेच असतील तर वेगळ्या पिशवीत आणा आणि वेगळे धुवा. रिकामे झालेले रसायनाचे ड्रम घरी पाण्यासाठी आणू नका. हे अजून होते, म्हणून लिहावे लागते.

तक्रार केली तर नोकरी जाईल. कायद्यात काही आहे का?

ही भीती खरी आहे, आणि तिला फुंकर घालून उडवणे मला जमणार नाही. कंत्राटी माणसाची तर जास्तच. तरी काय हाताशी आहे ते माहीत असावे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत ‘विषारी पदार्थांमुळे होणारी कावीळ’ स्पष्ट शब्दांत होती. त्या अधिनियमाच्या जागी आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या संहितेतही ती यादी आहे. कारखान्याने तर कळवायचेच, शिवाय उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही सरकारला कळवायचे असते. खाजगी दवाखान्यांत हे फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून रुग्णाने आठवण करून द्यावी. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते.

ईएसआयचे कार्ड असेल तर व्यावसायिक आजार म्हणून उपचार आणि भरपाई दोन्ही मागता येतात. ईएसआय नसलेल्यांसाठी भरपाईचा जो १९२३ चा कायदा होता, त्याच्या अनुसूचीत क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटचे आजार होते, आणि आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांचे संसर्गजन्य आजारही. भरपाईचा हक्क पुढच्या कायद्यांतही चालू राहिला आहे. तक्रार एकट्याने करण्यापेक्षा युनियनमार्फत किंवा चारपाच जणांनी मिळून केली तर एकावर रोख येत नाही.

ती कंपनी सोडून दहा वर्षे झाली. आता काय करू?

एक वही करा. कोणत्या साली कुठे, कोणत्या विभागात, कशावर काम केले. ड्रमवरचे नाव किंवा क्रमांक आठवत असेल तर तो. किती तास, पंखा होता की नव्हता, हात बुडायचे का, कधी कुणाला कावीळ झाली होती का. जुने पगारपत्रक, हजेरी कार्ड, ईएसआयचे कागद, मेडिकलचे रिपोर्ट त्याच वहीत डकवा. तुमच्याबरोबर काम केलेल्या दोघातिघांचे फोन नंबर लिहून ठेवा. व्हिनाइल क्लोराइडमध्ये किंवा क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटमध्ये काही वर्षे काढली असतील तर ही वही घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडे जा आणि सोनोग्राफी कितीदा करायची ते ठरवून घ्या. घरात सर्वांना ही वही कुठे आहे ते सांगून ठेवा, कारण गरज पडेल त्या दिवशी बोलायला तुम्ही शुद्धीवर असालच असे नाही.